संत निकोलस आणि घरोघरीचा नाताळबाबा

जगात काही पुरुष असे होऊन गेले आहेत की, त्यांचे नाव आबालवृद्धांच्या मुखी असते, परंतु त्यांचे चरित्र फारच थोड्यांस ठाऊक असते. तांबडा झगा, पांढरी दाढी व पाठीवर खाऊची पिशवी अशा वेषातील नाताळबाबा आज नांदेड-लातूरच्या बाजारपेठांतही डिसेंबर महिन्यात दृष्टीस पडतो. ज्या घरांत ख्रिस्ताचे नाव कधी निघत नाही, त्या घरांतील बालकेही त्यास ओळखतात. तथापि हा बाबा मूळचा कोण, कोठला, आणि त्याने असे काय केले की सोळा शतके लोटली तरी मुले त्याची वाट पाहतात, असे विचारले असता चांगले शिकलेले लोकही निरुत्तर होतात. सबब ह्या अंकात आम्ही त्या थोर पुरुषाचे चरित्र वाचकांस सादर करीत आहो.

चरित्र लिहिण्यास आणखी एक कारण आहे. नाताळ जवळ आला म्हणजे ख्रिस्ती आईबापांपुढे एक प्रश्न दरसाल उभा राहतो. लहान मुलास नाताळबाबा खरा आहे असे सांगावे की सांगू नये? काही घरांत ही गोष्ट अगदी खरी म्हणून सांगितली जाते आणि मूल मोठे होऊन फसवणूक उमगली म्हणजे सारेजण हसतात. काही घरांत हे सर्व असत्य व परदेशी थोतांड आहे असे म्हणून त्याचा उच्चारही होऊ देत नाहीत. काही घरांत यांपैकी काहीच ठरलेले नसते. शेजारच्या मुलाने सांगितले तेवढेच मुलास कळते. प्रश्न क्षुल्लक दिसतो, पण तो क्षुल्लक नाही. ज्या मुखाने आपण बालकास प्रभू येशूच्या जन्माची कथा सांगतो, त्याच मुखाने ही दुसरी कथा सांगतो. उद्या दुसरी खोटी निघाली तर पहिलीचे काय, ही शंका त्या कोवळ्या मनात उत्पन्न झाल्यावाचून राहील काय? ह्याचे उत्तर वादविवादात शोधण्यापेक्षा खुद्द निकोलस ह्यांच्या चरित्रात शोधावे, असे आम्हांस वाटते.

आजच्या तुर्कस्थान देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर पूर्वी लुक्या नावाचा प्रांत होता. त्यातील पातारा व मायरा ही दोन बंदरे पवित्र शास्त्राच्या वाचकांस अपरिचित नाहीत. प्रेषित पौल यरुशलेमेकडे जात असता पातारा येथे दुसऱ्या तारवात बसला, आणि पुढे बंदिवान म्हणून रोमास नेला जात असता मायरा येथे त्यास आलेक्सांद्रियाच्या तारवात चढविण्यात आले, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात नमूद आहे. ह्याच पातारा नगरात इ. स. २७० च्या सुमारास निकोलस ह्यांचा जन्म झाला, अशी परंपरा आहे. त्यांचे आईबाप सधन व ख्रिस्तभक्त होते. निकोलस तरुण असतानाच साथीच्या रोगात ते दोघेही निवर्तले आणि पुष्कळ द्रव्य ह्या पोरक्या मुलाच्या हाती आले. तरुण वय, हाती पैसा आणि मस्तकावर वडीलधारे कोणी नाही, अशा स्थितीत बहुतेकांची जी गत होते ती निकोलस ह्यांची झाली नाही. ते द्रव्य आपले नसून गरजवंतांचे आहे, असे मानून ते त्याच्या वाटपास लागले.

त्यांच्या नावाशी निगडित असलेली सर्वांत प्रसिद्ध कथा ह्याच काळातील आहे. पातारा नगरात एक गृहस्थ एके काळी खाऊनपिऊन सुखी होता, पण दैव फिरले व तो कफल्लक झाला. त्याच्या तीन मुली उपवर झाल्या होत्या. त्या देशात त्या काळी मुलीबरोबर द्रव्य दिल्यावाचून तिचे लग्न जमत नसे. बापापाशी देण्यास काही नव्हते, आणि अन्नावाचून मरावे किंवा मुलींस अब्रूची विक्री करावयास लावावे, ह्यांखेरीज त्यास तिसरा मार्ग दिसेना. ही वार्ता निकोलस ह्यांच्या कानी आली. एके रात्री सर्व निजले असता त्यांनी सोन्याच्या मोहरांची एक थैली त्या घराच्या खिडकीतून आत टाकली व ते निघून गेले. सकाळी बापास थैली सापडली; थोरलीचे लग्न झाले. काही दिवसांनी दुसरी थैली आली. मधलीचे लग्न झाले. तिसऱ्या खेपेस मात्र बाप जागत बसला होता. थैली पडल्याचा आवाज होताच तो बाहेर धावला, त्याने निकोलस ह्यांस गाठले व त्यांचे पाय धरले. निकोलस ह्यांनी त्याजकडून एकच वचन घेतले: आपण जिवंत आहो तोवर ही गोष्ट कोणास सांगावयाची नाही.

वाचकहो, ही कथा वाचताना आम्हां मराठवाड्यातील लोकांस ती परकी वाटावी असे तिच्यात काय आहे? हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, तरी मुलीच्या लग्नाच्या चिंतेने रात्र जागून काढणारा बाप आमच्या खेड्यापाड्यांतून नाहीसा झालेला नाही. कापूस, ज्वारी किंवा सोयाबीन हातचे गेले म्हणजे पहिला प्रश्न सावकाराचा व दुसरा मुलीचा असतो. ज्या बाबाचे चित्र आज आपण खेळण्यांच्या व चॉकलेटांच्या पेटीवर पाहतो, त्याची पहिली देणगी खेळणे नव्हती आणि खाऊही नव्हता. लाजेने मान खाली गेलेल्या एका बापाची अब्रू त्याने राखिली, आणि तीही अशी की घेणाऱ्यास मिंधेपणा वाटू नये. उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू नये ही जी प्रभूची शिकवण, तीच ह्या रात्रीच्या फेऱ्यांत आचरणात आलेली दिसते.

पुढे निकोलस मायरा नगराचे बिशप झाले. ते दिवस मंडळीच्या छळाचे होते. इ. स. ३०३ मध्ये रोमचा बादशहा डायोक्लीशन ह्याने ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ आरंभिला. मंदिरे पाडण्यात आली, पवित्र ग्रंथ जाळण्यात आले, व मंडळीच्या पुढाऱ्यांस तुरुंगात टाकण्यात आले. निकोलस ह्यांसही बंदिवास घडला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. इ. स. ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांस धर्मस्वातंत्र्य मिळाले. इ. स. ३२५ च्या नायसिया येथील सुप्रसिद्ध धर्मपरिषदेस जे बिशप हजर होते, त्यांच्या काही याद्यांत निकोलस ह्यांचे नाव आढळते, काहींत आढळत नाही. त्या परिषदेत त्यांनी एरियस ह्यास थप्पड मारिली अशी जी आख्यायिका आहे, ती मात्र फार उशिरा निर्माण झालेली असून तिला प्राचीन आधार नाही.

बिशप ह्या नात्याने त्यांनी केलेल्या दोन गोष्टी परंपरेने विशेष जपून ठेविल्या आहेत. पहिली न्यायाची. मायरा येथील सुभेदाराने तीन निरपराध पुरुषांस देहान्त शिक्षा फर्माविली. मारेकऱ्याने तरवार उगारली, इतक्यात निकोलस तेथे धावत पोहोचले, त्यांनी ती तरवार त्याच्या हातातून हिसकावून घेतली, आणि बद्ध पुरुषांस मोकळे करून सुभेदारास त्याच्या अन्यायाबद्दल सर्वांसमक्ष जाब विचारिला. निकोलस ह्यांच्या कृत्यांविषयी जे जुन्यांत जुने लिखाण उपलब्ध आहे, ते ह्याच प्रसंगाचे होय. ज्या बाबाचे आज आपण हसतमुख व गुबगुबीत चित्र काढितो, तो अशा प्रसंगी उपसलेल्या तरवारीपुढे उभा राहणारा पुरुष होता, हे मुलांस अवश्य सांगावे.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. लुक्या प्रांतात एकदा धान्य नाहीसे झाले. त्याच सुमारास मिसर देशाचा गहू भरून राजधानीकडे जाणारी तारवे मायराच्या बंदरास लागली. निकोलस ह्यांनी प्रत्येक तारवातून शंभर मापे गहू मागितला. खलाशी भ्याले, कारण गहू बादशाही होता, मापून भरलेला होता, व तुटीबद्दल त्यांस शासन झाले असते. निकोलस ह्यांनी त्यांस अभय दिले. गहू उतरविण्यात आला, लोक जगले, बियाणेही पुरले; आणि तारवे राजधानीस पोहोचल्यावर मापात तूट आढळली नाही, असे कथा सांगते. हा चमत्कार मानावा की न मानावा, ह्याविषयी मतभेद असू शकेल. परंतु त्या बंदरातून धान्याची मोठी वाहतूक होत असे ही वस्तुस्थिती असून हेड्रियन बादशहाच्या कारकिर्दीत बांधलेले तेथील प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ज्यांच्या घरी अद्याप निघतात, आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आलेले ज्यांनी पाहिले, त्यांस दुष्काळात बंदरास लागलेल्या तारवाचे मोल निराळे समजावून सांगावयास नको.

इ. स. ३४३ च्या सुमारास डिसेंबरच्या ६ व्या तारखेस निकोलस मायरा येथे देवाघरी गेले. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने राजधानीत त्यांच्या नावाचे मंदिर उभारिले, ह्यावरून त्यांची कीर्ती किती दूरवर पसरली होती हे कळून येते. मायरा येथील त्यांचे मंदिर कालांतराने नदीच्या गाळात पुष्कळसे बुडाले. पावसाळ्यात सहस्रकुंडावरून उड्या घेत जाणाऱ्या पैनगंगेचे गढूळ पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्या इस्लापूरच्या वाचकांस नदीच्या गाळाचे सामर्थ्य ठाऊकच आहे. निकोलस ह्यांच्या अस्थी इ. स. १०८७ मध्ये इटलीतील बारी शहराच्या खलाश्यांनी उचलून नेल्या व तेथे त्यांजवर मोठे मंदिर बांधण्यात आले; ते आजही प्रसिद्ध आहे. आमच्या मंडळीत संतांची उपासना करण्याची रीत नाही. पण ज्यांनी प्रभूचा कित्ता गिरविला, त्यांची आठवण ठेवू नये असे कोणत्याच मंडळीने सांगितलेले नाही.

आता बिशपाचा बाबा कसा झाला, ते थोडक्यात सांगतो. युरोपात ६ डिसेंबर हा त्यांचा स्मरणदिन झाला व आदल्या रात्री मुलांस गुपचूप खाऊ ठेवण्याची चाल पडली. हॉलंड देशात ती विशेष रुजली. तेथील मुले चुलीपाशी आपले जोडे मांडून ठेवीत, आणि निकोलस ह्यांच्या घोड्यासाठी त्यांत गाजर किंवा गवत घालीत. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली, तेव्हा ल्यूथर ह्यांच्या अनुयायांनी देणगीचा दिवस संताच्या स्मरणदिनाऐवजी ख्रिस्तजन्माच्या दिवसाकडे नेला. हॉलंडचे लोक अमेरिकेत वसाहतीस गेले, त्यांजबरोबर निकोलस ह्यांचे डच नावही गेले, आणि इंग्रजी जिभेवर घासून त्याचे सांता क्लॉज झाले. १८०९ साली वॉशिंग्टन अर्व्हिंग ह्यांनी न्यूयॉर्क शहराच्या आपल्या विनोदी इतिहासात त्यांस स्थान दिले. १८२३ साली ट्रॉय गावच्या एका वृत्तपत्रात निनावी छापलेल्या एका कवितेने त्यांस रेनडियरांची गाडी व धुराड्यातून उतरण्याची युक्ती चिकटविली. १८६३ च्या आरंभी टॉमस नास्ट नामक चित्रकाराने एका अमेरिकन साप्ताहिकात त्यांस यादवी युद्धातील सैनिकांस भेटी वाटताना दाखविले. १९३१ पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनी त्यांची तांबडा झगा घातलेली गुबगुबीत मूर्ती जगभर नेली. अशा रीतीने बिशपाच्या टोपाची कानटोपी झाली, मोहरांच्या थैलीची खेळण्यांची पिशवी झाली, आणि जो आपले नाव लपवीत होता त्याचे नाव दुकानांच्या पाट्यांवर चढले.

ह्या बदलात सर्वच वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण दोन गोष्टी त्यात अशा शिरल्या की त्या निकोलस ह्यांच्या चरित्राच्या अगदी उलट आहेत. पहिली, बाबा फक्त शहाण्या मुलांस भेटी देतो व खोडकरांस देत नाही, ही समजूत. युरोपातील काही देशांत तर त्याजबरोबर छडी घेतलेला एक भयंकर सोबतीही जोडून दिला आहे. आमच्याकडील आया बागुलबुवाचा जो उपयोग करितात, तोच हा. परंतु निकोलस ह्यांनी त्या तिन्ही मुलींच्या वागणुकीची चौकशी करून मग थैली टाकिली नाही. गरज दिसली व त्यांनी दिले. देवाची कृपाही आमची योग्यता पाहून आली असती, तर गव्हाणीतले ते बालक जन्मास आलेच नसते.

दुसरी गोष्ट ह्याहून कठोर आहे. नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व उन्हाळ्यात परत येतात. ऐन नाताळात त्यांची मुले एकतर फडावरच्या खोपीत असतात, नाहीतर गावी आजीपाशी. शहरातल्या मुलास सायकल मिळाली व आपणास काहीच मिळाले नाही, असे ज्या मुलास दिसते, त्यास आपण सांगितलेले असते की बाबा चांगल्या मुलांस देतो. ते बालक काय अनुमान काढील? आपण गरीब आहो असे नव्हे, तर आपण वाईट आहो, असेच ना? ज्या गोष्टीने गरिबाच्या मुलास स्वतःची लाज वाटते, ती गोष्ट निकोलस ह्यांच्या नावाने सांगणे म्हणजे त्यांनी तीन रात्री खपून जे झाकिले, तेच उघडे करणे होय.

मग मुलांस ह्या कल्पनेच्या आनंदापासून वंचित ठेवावे काय? आमचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. कल्पना म्हणजे असत्य नव्हे, हे आमच्या महाराष्ट्रातील घरांनी कधीचेच ओळखिले आहे. भाद्रपदात शेजारच्या घरी महालक्ष्म्या येतात. उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाची चिमुकली पावले उमटतात. ती कशी उमटतात? आई मूठ वळून ओल्या कुंकवात बुडविते, तिचा ठसा जमिनीवर उठविते व वर बोटाने पाच टिंबे काढिते. घरातील मूल शेजारी बसून हे पाहत असते. कित्येकदा त्याचीच इवली मूठ त्या कामी येते. पावले कोणी काढिली हे त्यास पक्के ठाऊक असते, आणि तरीही कोणीतरी पाहुणे घरात आले हा आनंद त्याच्या मुखावरून लोपत नाही. पोळ्याच्या दिवशी मातीच्या बैलांची पूजा होते. बैल मातीचे आहेत हे कोणी लपवीत नाही. दिवाळीत मुले दगडमातीचा किल्ला रचितात आणि त्यावर मावळे उभे करितात. तो किल्ला त्यांनीच रचिलेला असतो, म्हणून त्यांचा आनंद उणा होत नाही, उलट वाढतो.

बहुरूप्याचे उदाहरण तर ह्याहूनही बोलके आहे. तो फौजदाराचा वेष घेऊन दारी येतो, खोटा दरारा दाखवितो, लहान मूल आजीच्या पाठीशी लपते. पण आजी हसत असते. मूल फौजदाराकडे पाहते, मग आजीच्या मुखाकडे पाहते, आणि हा खेळ आहे हे त्यास शब्दावाचून कळते. पुढल्या वर्षी तेच मूल बहुरूप्याची वाट पाहते व धाकट्या भावंडास धीर देते. नाताळबाबा हा ख्रिस्ती घरांतील बहुरूपीच समजावा. त्यास येऊ द्यावे, दाढी लावू द्यावी, खाऊ वाटू द्यावा. पण आजीचे हसणे तेथे असले पाहिजे. मुलास सत्य शोधून काढण्याची वाट मोकळी ठेवून जो खेळ खेळिला जातो, त्यात फसवणूक होत नाही. ती वाट बंद करून, शपथा घेऊन, खोटे पुरावे उभे करून जो खेळ चालविला जातो, तो खेळ राहत नाही.

आमच्या मते ह्या सर्वांत उत्तम साधन म्हणजे गव्हाणीचा देखावा. इ. स. १२२३ मध्ये असिसीचे संत फ्रान्सिस ह्यांनी इटलीतील ग्रेच्चो गावी गवत, बैल व गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, तेव्हापासून ही चाल जगभर पसरली. गोव्यात व वसईकडे घरोघरी असे देखावे रचितात. आमच्या भागात त्यास खर्च तो किती? कडब्याच्या चार पेंढ्या, काळ्या मातीच्या बाहुल्या, वर टांगलेला कागदी तारा. हा तारा व दिवाळीचा आकाशकंदील ही एकाच बांबूच्या कामट्यांची भावंडे होत. फुलामुलांचे कवी म्हणून प्रसिद्ध असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी प्रभूची कथा अभंगांत व कीर्तनांत आणून महाराष्ट्राच्या अंगणात बसविली. नाताळचा सणही तसाच आमच्या मातीत आम्हांस रुजविता येईल. मूल स्वतःच्या हातांनी मातीचे बालक घडविते, तेव्हा हे बालक मातीचे आहे व ज्याचे हे चित्र तो प्रभू खरा आहे, हा भेद त्यास कोणी शिकवावा लागत नाही.

मुलाने एके दिवशी सरळ विचारिले की नाताळबाबा खरा आहे काय, तर आईबापांनी काय करावे? १८९७ साली न्यूयॉर्कमधील एका आठ वर्षांच्या मुलीने हाच प्रश्न एका वृत्तपत्रास पत्राने विचारिला होता, आणि प्रेम व औदार्य जोवर जगात आहे तोवर बाबाही आहे अशा आशयाचे उत्तर संपादकीय स्तंभात देण्यात आले. ते उत्तर जगप्रसिद्ध झाले व ते सुंदर आहे ह्यात संशय नाही. तथापि आम्हांस वाटते की ज्या बालिकेने सत्य विचारिले होते, तिला त्याहून सुंदर असे सत्यच सांगता आले असते. होय, निकोलस नावाचा पुरुष खरोखर होऊन गेला. तो मायरा नगराचा बिशप होता. रात्री गुपचूप देणे ही त्याची रीत म्हणून लोकांनी स्मरणात ठेविली. त्याच्या मागून लक्षावधी आईबापांनी ती रीत उचलिली, आणि तुझ्या उशाशी खाऊ ठेवणारे हात तुझ्या आईचे आहेत. प्रश्न विचारण्याइतके तुझे वय झाले, सबब आजपासून तूही त्या मंडळीत आलास. यंदा तू कोणास देणार, ते गुप्तपणे ठरव. अशा उत्तराने मुलाचे काही हरवत नाही. काल ते घेणाऱ्यांत होते, आज देणाऱ्यांत आले, एवढाच भेद.

प्रभूच्या जन्माची कथा मात्र निराळ्या स्वराने सांगावी, एवढे आईबापांनी कटाक्षाने पाळावे. ती खेळाच्या वेळी सांगू नये. शास्त्र उघडून, शांत बसून, ज्या गंभीरपणे आपण स्वतः ती मानितो त्या गंभीरपणे सांगावी. मुलास शब्दांआधी स्वर कळतो. निकोलस ह्यांची गोष्ट सांगतानाही, इतके निश्चित आहे व इतके लोक सांगत आले, असा भेद दाखवून सांगितली तर मुलाच्या बुद्धीस सत्य पारखण्याचे वळण बालपणीच लागेल. ज्या घरात मुलास हे वळण लागले, त्या घरातील श्रद्धेस उद्या शाळेत किंवा शहरात ऐकलेल्या कोणत्याही शंकेचे भय बाळगण्याचे कारण नाही.

शेवटी आमच्या विद्यार्थ्यांस दोन शब्द. तुम्हांपैकी बहुतेकांस घरी धाकटी भावंडे आहेत. नाताळबाबा नाहीच म्हणून त्यांस हिणवू नका, आणि तो आहेच म्हणून त्यांस चकवू नका. नाताळच्या सुट्टीनंतर वर्गात एकमेकांस बाबाने काय आणिले हा प्रश्न विचारण्यापूर्वी क्षणभर थांबा. तुमच्या बाकावर असा कोणी बसला असेल की ज्याचे आईबाप त्या वेळी दूरच्या फडात ऊस तोडीत आहेत. त्याजपाशी वही नसेल, स्वेटर नसेल, परीक्षेची फी भरलेली नसेल. तुम्हांस जे देता येईल ते अशा युक्तीने द्या की कोणी दिले हे त्यास कळू नये, आणि तुम्ही दिले हे तुमच्याही मनात फार दिवस राहू नये. निकोलस ह्यांच्या तीन थैल्यांची गोष्ट आपणांपर्यंत पोहोचली. न पोहोचलेल्या त्यांच्या थैल्या किती असतील, त्या एक देवच जाणे.

ज्या प्रभूने स्वर्गाचे वैभव टाकून गव्हाणीत जन्म घेतला, तो आमच्या सर्व वाचकांच्या घरी हा नाताळ आनंदाचा, सत्याचा व उदारतेचा करो, हीच आमची प्रार्थना.